‘आवाज’ फोल्डरचं कुलूप

आमच्या गटात कुणी कुणाला फोन करत नाही. मेसेज करतो. आम्ही सगळे अडखळत बोलणारे. समोरासमोर असलं की निदान चेहरा दिसतो, माणूस शब्दाशी झगडतोय हे कळतं. फोनवर नुसती शांतता जाते आणि पलीकडचा दोन वेळा ‘हॅलो’ करून ठेवून देतो. म्हणून त्या दुपारी हडपसरच्या ऑफिसात जेवताना माझ्या फोनवर गटातल्या एका मुलीचं नाव दिसलं, तेव्हा मी डबा तसाच टाकून जिन्यात गेलो.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही घाई केली नाही. मग ती म्हणाली, “दादा, माझा आवाज नेटवर हाय. पासवर्ड न टाकता ऐकू येतोय.”

गट कसला, ते आधी सांगायला हवं. दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण बुधवार पेठेत एका पुस्तकांच्या दुकानावरच्या खोलीत जमतो. गट काकांनी सुरू केला. काका बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर अडखळलेले आणि आयुष्यभर कॅश काउंटरवर बसलेले. बोलताना अडखळतात, पण टोमणा मारताना त्यांचा शब्द कधी अडत नाही, असं आम्ही म्हणायचो. तिथे कुणी कुणाला सुधारत नाही. आपली पाळी आली की बोलायचं, बाकीच्यांनी वाट बघायची, एवढाच नियम.

मी मूळचा यवतमाळकडचा. शिकायला पुण्यात आलो आणि नोकरी लागली म्हणून राहिलो, धायरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये. सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाला कॉम्प्युटरचं सगळंच येतं असं लोकांना वाटतं, त्या न्यायाने गटाची वेबसाइट माझ्याकडे आली. चार पानांची साधी साइट, एका होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने ठेवलेली. तिच्यात ‘आवाज’ नावाचं एक फोल्डर होतं. आठवडाभरात आपल्याला जे बोलायचंय त्याचा सराव प्रत्येकाने घरी रेकॉर्ड करायचा आणि त्या फोल्डरमध्ये टाकायचा. कुणी बँकेत सही जुळत नाही हे कसं सांगायचं त्याचा सराव करी, कुणी मुलाखतीत स्वतःचं नाव सांगायचा. आम्ही एकमेकांचं ऐकायचो आणि रविवारी त्यावर बोलायचो.

त्या फोल्डरला कुलूप होतं. कुलूप म्हणजे फोल्डरमध्येच ठेवलेली एक छोटी फाइल. तिच्यात सर्व्हरसाठी सूचना असते, की आत जाऊ पाहणाऱ्याला आधी नाव आणि पासवर्ड विचार. आणि ते बरोबर आहेत का हे दुसऱ्या एका फाइलमध्ये बघ, जिच्यात सगळ्यांचे पासवर्ड कुणाला वाचता येणार नाहीत अशा रूपात ठेवलेले असतात. मी ते सुरुवातीला एकदा बसवलं होतं आणि नंतर कधी त्याकडे बघायची वेळच आली नव्हती.

फाइलला नाव आडनावासकट द्यायचं, असा काकांचा आग्रह होता. “तोंड ल-लपवत नाही, तर नाव कशाला लपवायचं?” असं ते म्हणाले होते.

ती मात्र आपलं अडखळणं लपवायची. घरीदारी सगळीकडे. ती धायरीचीच, तिथल्या जुन्या शेतकरी घरातली. त्यांच्या शेतांवर आता इमारती उभ्या आहेत आणि ती त्यातल्याच एका बिल्डरच्या ऑफिसात हिशेब बघते. अडणारा शब्द लांबूनच ओळखायचा आणि त्याच्या जागी दुसरा घालायचा, नाहीतर बोलायचंच नाही, हे तिला इतकं साधलं होतं की घरच्यांनाही वाटायचं, पोरगी अबोल आहे. आम्हा लोकांत अशी पुष्कळ असतात. वरून काही दिसत नाही आणि आत सतत धावपळ चाललेली असते.

त्या दिवसांत तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा हडपसरपलीकडच्या मांजरी गावाच्या बाजूचा, एका कारखान्यात इंजिनिअर. बघाबघी झाली होती, सुपारी फुटायची होती. त्याला अजून काही माहीत नव्हतं. ते आपणच सांगायचं, साखरपुड्याच्या आत सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं आणि त्याचाच सराव ती करत होती. फोल्डरमधल्या तिच्या शेवटच्या तीन-चार फाइली तेवढ्याच होत्या. ‘मला तुम्हाला एक सांगायचंय, मी बोलताना अडखळते, आजवर मी ते कुणाला कळू दिलं नाही.’ एका फाइलमध्ये पहिल्याच शब्दावर ती इतकी अडली होती की पुढचं काही बोललीच नव्हती.

मुलाकडचे आपलं नाव नेटवर शोधत असतील, त्यांना काय दिसत असेल, या काळजीने तिनं स्वतःच स्वतःचं नाव टाकून बघितलं. तेव्हा तिला ते सापडलं.

मी जिन्यातच फोनवर फोल्डरचा पत्ता उघडला. काही न विचारता सगळी यादी समोर आली. माझा पासवर्ड फोनने लक्षात ठेवला असेल म्हणून मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा फोन मागून घेतला. त्यावरही उघडलं. सगळ्यांची पूर्ण नावं ओळीने, प्रत्येक नावावर बोट ठेवलं की आवाज. मी घाईघाईने ते पान बंद केलं आणि फोन परत दिला. त्याने काय होतं ते विचारलं, मी काही नाही म्हणालो.

फोल्डर तिथून उचलून बाजूला ठेवलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण ऑफिसच्या नेटवर्कवर बाहेरचे सर्व्हर उघडत नाहीत, आणि जिन्यात माझ्या फोनवर होस्टिंग कंपनीचं पान अर्धवटच येत होतं. सूचनांची फाइल तेवढी कशीबशी उघडली. ती जागच्या जागी, शब्दाला शब्द बरोबर होती. मी ती पुन्हा साठवली. फरक पडला नाही. मग मी तिच्यात मुद्दाम काहीतरी अर्थहीन खरडलं. सर्व्हर ती फाइल वाचत असेल तर तो चिडायला हवा, पान बंद पडून एरर यायला हवी, आणि त्या वेळी तीसुद्धा मला चालली असती. पण यादी पहिल्यासारखीच उघडली. म्हणजे कुलूप मोडलं नव्हतं. सर्व्हर त्याच्याकडे बघतच नव्हता. पुढचं काही करायच्या आत ते पानही गेलं. उरला होस्टिंग कंपनीचा फोन नंबर.

मी तो लावला. आधी एक ध्वनिमुद्रित बाई म्हणाली, आपली अडचण थोडक्यात सांगा. मला ‘प’वर अडायला होतं, लहानपणापासून. ‘पासवर्ड’ हा शब्द माझ्या ओठांवर येऊन तिथेच राहिला. बाई म्हणाली, माफ करा, काही ऐकू आलं नाही. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने आभार मानले आणि फोन कापला. मी पुन्हा लावला आणि या वेळी ‘प’ टाळला. ‘फोल्डर’ म्हणालो, ‘लॉक’ म्हणालो. त्यावर एक खरा माणूस फोनवर आला.

तो वाईट नव्हता हे सांगायला हवं. त्याच्या आवाजात आपुलकीच होती. पण मी थांबलो की तो माझं वाक्य पुरं करत होता. मला सांगायचं होतं की फोल्डरचं लॉक काम करत नाही. मी ‘लॉक’पर्यंत आलो आणि पुढे अडलो. तो म्हणाला, अकाउंट लॉक झालंय का, काही काळजी करू नका. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तो तोवर पुढे गेला होता. मी तुमचा लॉगिन बदलून देतो, नवीन पासवर्ड नोंदवलेल्या ई-मेलवर जाईल, आणखी काही मदत करू शकतो का, एवढं सगळं त्याचं बोलून झालं तेव्हा कुठे माझा ‘नाही’ बाहेर पडला. त्याला वाटलं, आणखी मदत नकोय. त्याने शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

आता जगातल्या कुणालाही त्या फोल्डरमध्ये जाता येत होतं, आणि मी बाहेर होतो. नोंदवलेला ई-मेल काकांचा होता. काकांचा फोन बंद होता, कारण दुपारी जेवणापासून चहापर्यंत तो बंदच असतो.

साहेबांना घरी अडचण आहे असं सांगून मी निघालो. गाडी काढली ती काकांच्या घराकडे. पुलगेटपासून स्वारगेटपर्यंत सगळा रस्ता तुंबलेला. सिग्नलला उभा असताना तिचे मेसेज येत होते. ‘झालं का?’ मग ‘अजून दिसतंय.’ मग नुसतं प्रश्नचिन्ह. मी ‘निघालोय’ एवढं एकदा लिहिलं. त्या दिवशी माझ्या बाजूच्या प्रत्येक गाडीवरचा माणूस कानात काहीतरी घालून ऐकत होता असं मला वाटत राहिलं.

काकांनी दार उघडलं ते डोळे चोळतच. मी काय झालं ते सांगायला लागलो. अडलो, ते थांबले. त्यांच्याइतकं शांतपणे कुणी थांबत नाही आणि त्या दिवशी मला तेही सहन होत नव्हतं. शेवटी मी त्यांच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. त्यांच्या मेलमध्ये नवा पासवर्ड आलेला होता, आणि त्याच्या खाली महिन्यापूर्वीचं त्याच कंपनीचं आणखी एक मेल. आपल्याला अधिक चांगली सेवा देण्यासाठी आम्ही सर्व साइट नव्या सर्व्हरवर नेत आहोत.

“हे तुम्ही वाचलं होतं?” मी विचारलं.

“वाचलं. त्यात चांगलं काय ते क-कळलं नाही, म्हणून ठेवून दिलं,” काका म्हणाले. नेहमीसारखं बोलायला गेले, पण आवाज तसा नव्हता.

मी आत गेलो आणि फोल्डर उचलून, नेटवरून कुणालाच जाता येणार नाही अशा जागी हलवलं. तिला कळवलं. तिचं उत्तर आलं, ‘पण नाव अजून येतंय.’ शोधलं की नाव येत होतं. त्यावर दाबलं तर पान सापडत नव्हतं, पण आमच्या गटाचं नाव, तिचं नाव आणि ‘सराव’ हा शब्द त्या यादीत तसाच दिसत होता. तो आपोआप निघून जायला वेळ लागतो. काढून टाका अशी विनंती करता येते, ती मी केली. त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. काकांनी चहा केला. त्यांच्या वीस-पंचवीस फाइली त्याच फोल्डरमध्ये होत्या. त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती धायरीत मला भेटायला आली. आमच्या इमारतीखाली बाकड्यावर बसलो. तिला एकच विचारायचं होतं, कुणी ऐकलं? साइटवर कोण येऊन काय उघडतं त्याची सर्व्हर नोंद ठेवतो हे मी तिला कधीतरी सांगितलं होतं, ते तिच्या लक्षात होतं. मी ती नोंद काढून ठेवली होती. लॅपटॉप उघडून तिला दाखवली. नुसते आकडे आणि वेळा. तिच्या फाइली उघडल्या गेल्या होत्या, बऱ्याचदा. त्यातल्या काही भेटी शोध घेणाऱ्या यंत्रांच्या, त्या ओळखू येतात. काही तिच्या स्वतःच्या असणार, घाबरून ती पुन्हा पुन्हा बघत होती त्या दिवशीच्या. पण त्याच्या आधीच्या आठवड्यातल्याही काही होत्या. कुणीतरी मोबाइलवरून आलं होतं, एकामागून एक तिच्या सगळ्या फाइली उघडल्या होत्या, आणि इतर कुणाच्या उघडल्या नव्हत्या.

“हे कोण?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, एवढंच कळतं. मोबाइल, पुणे किंवा आसपास. नाव कळत नाही.

“मांजरीचं असंल का?”

“सांगता येत नाही.”

“तुम्हाला सांगता येत नाही की त्यात नसतंच?”

“त्यात नसतंच.”

ती त्या आकड्यांकडे बघत बसली. मग म्हणाली, आमच्या ऑफिसातलं कुणी असेल. मग म्हणाली, चुलतभाऊ असेल. तिच्या जागी मी असतो तर मला भेटेल त्या प्रत्येक माणसाकडे बघून हेच वाटलं असतं. मी तिला सांगितलं की कदाचित कुणी अनोळखीच असेल, चुकून आलेलं. अनोळखी माणूस एकाच बाईच्या सगळ्या फाइली का ऐकेल, हे तिनं विचारलं नाही. ते मला आधीच सुचलं होतं.

लग्न मोडलं. सुपारीची तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि मग निरोप आला की पत्रिकेत काहीतरी निघालंय. पत्रिका आधी दोन्हीकडच्या गुरुजींनी बघितलेली होती. तिच्या वडलांनी ते मनाला लावून घेतलं, आईने उपास धरले. खरं कारण कुणालाच कळलं नाही. खरंच पत्रिका असेल, दुसरं स्थळ आलं असेल, नाहीतर ते असेल. काका मला म्हणाले, मी जाऊन त्या मुलाशी बोलतो. मी तिला विचारलं, तिनं नको म्हणून कळवलं. जाऊन विचारायचं काय? तुम्ही ऐकलंत का? त्यानं नाही ऐकलं असं सांगितलं तर आपणच सांगितल्यासारखं होईल.

मधल्या काळात मी कुलूप दुरुस्त करत होतो. होस्टिंग कंपनीला आता मी फक्त लिहूनच कळवत होतो. आठवडाभर त्यांची उत्तरं येत राहिली, सगळी नम्र, प्रत्येक वेळी नव्या माणसाकडून, आणि प्रत्येकाला मी पहिल्यापासून सांगायचो. शेवटी एकाला कळलं. नव्या सर्व्हरवर ग्राहकांच्या फोल्डरमधल्या अशा सूचना वाचायच्याच नाहीत असं ठरवलेलं होतं, ते त्याने आमच्यापुरतं बदललं. मी एक रिकामं फोल्डर केलं आणि सूचनांच्या फाइलमधलं माझं खरडलेलं काढून ती त्यात ठेवली. या वेळी सर्व्हरने सूचना वाचली आणि एरर दिली, कारण पासवर्डांच्या फाइलचा जुना पत्ता नव्या सर्व्हरवर नव्हता. तो दुरुस्त केला. मग नाव आणि पासवर्ड विचारणारी ती चौकट आली. मी माझा पासवर्ड टाकला. चौकट पुन्हा आली. पुन्हा टाकला, पुन्हा आली. काका, मी, आणखी एकजण, तिघांनी आपापल्या घरून करून बघितलं. सगळ्यांना ती चौकट परत परत तेच विचारत होती आणि आत कुणालाच घेत नव्हती. जुने पासवर्ड ज्या पद्धतीने गुंतवून ठेवलेले होते ती पद्धत नव्या यंत्राला कळत नव्हती, हे मला फार उशिरा सुचलं. सगळ्यांचे पासवर्ड नव्याने केले तेव्हा दार उघडलं.

मी रविवारी हे गटात सांगितलं. काकांनी विचारलं, पुन्हा कधी ते असंच उघडं पडणार नाही ना? मी खरं तेच सांगितलं. कंपनीने पुन्हा सर्व्हर बदलला तर पडेल, आणि बदलला हे आपल्याला कळेलच असं नाही. दर आठवड्याला मी बघत जाईन, एवढं म्हणता येईल.

त्यावर काकांनी मान डोलावली. मग त्यांनी ठरवलं की जुन्या सगळ्या फाइली पुसायच्या, ज्याला आपली हवी त्याने आधी मागून घ्यायची. कुणीच मागितली नाही. तिला मी मेसेज केला नाही, फोन केला. ती दोन महिन्यांत गटात आली नव्हती. तिनं उचलला. आम्ही दोघंही बराच वेळ शब्दाशी झगडत होतो आणि दोघंही ठेवत नव्हतो. मी पुसण्याबद्दल सांगितलं.

“पुसा,” ती म्हणाली.

मी म्हणालो, मला वाईट वाटतं. ते शब्द अपुरे आहेत हे बोलतानाच कळत होतं.

“दादा, तुम्ही काय करणार होता,” ती म्हणाली. मग म्हणाली, “त्याने ऐकलं असंल, तर मी सांगितल्यासारखंच झालं. नसंल ऐकलं, तर माझं सांगायचं राहूनच गेलं. यातलं कुठलं झालं, ते तरी कळायला पाहिजे होतं.”

तिनं आई हाक मारतेय म्हणून फोन ठेवला.

मी त्या दिवशी संध्याकाळी सगळं पुसलं. पुसण्यापूर्वी कुणाचंही ऐकलं नाही, तिचं तर नाहीच.

गट चालू आहे. नवीन लोक येतात. कुणी एखादा जुना विचारतो, ते रेकॉर्डिंगचं पुन्हा सुरू करायचं का, तर काका म्हणतात, बघू. फोल्डर आहे, कुलूपही आहे, पण कुणी काही टाकत नाही. ती गेल्या पावसाळ्यानंतर पुन्हा यायला लागली, अधूनमधून. अजून तिच्या घरी कुणाला माहीत नाही. पाळी आली की कधी बोलते, कधी ‘आज नको’ म्हणून मान हलवते, आणि मग तिच्या शेजारच्याची पाळी येते.